बंदुकीचे शिक्षण आणि बंदुकीचे मृत्यू



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने वसंतातल्या या व्यासपीठावरून बंदुकीवर बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. पगारवाढ, बोनस, कंत्राटी कामगार, असा काही विषय माझ्याकडून अपेक्षित होता, हे मी जाणतो. परंतु गेली काही वर्षे मी एका परक्या देशातला एक वाद मोठ्या उत्सुकतेने वाचतो आहे. वाद असा: बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येकाला ती वापरण्याचे शिक्षण सक्तीने दिले, तर बंदुकीने मरणारांची संख्या कमी होते काय? देश अमेरिका. २०१७ साली तेथे नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी बंदुका असल्याचा अंदाज होता आणि लोकसंख्या ३३ कोटींच्या आत होती. दर माणशी एकाहून अधिक बंदूक असलेला असा दुसरा देश नाही.

हा वाद वाचताना मला सारखे वाटत होते की, हे मी कुठेतरी ऐकले आहे. मग ध्यानात आले. मालकांच्या टेबलासमोर बसून तीस वर्षे मी हेच ऐकत आलो. यंत्र उत्तम आहे, ते वापरणारा हात अडाणी आहे. हाताला शिकवा म्हणजे झाले. हे म्हणणे नेहमी खोटे असते असे नव्हे. कधी खरे असते, कधी अर्धे खरे असते, आणि केव्हा कितपत खरे आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. ते मोजण्याचा प्रयत्न आज करायचा आहे. मी नववीत शाळा सोडली. इंग्रजी अहवाल शब्दकोश मांडीवर घेऊन वाचण्याची सवय संघटनेने लावली, तीच येथे कामी आली. उच्चारांबद्दल विद्वानांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम शिक्षणाच्या बाजूचे जे चांगले आहे ते सांगतो, कारण ते थोडेथोडके नाही.

आज अमेरिकेत बंदुकांवरील कोणत्याही निर्बंधाला कडाडून विरोध करणारी संस्था म्हणून 'नॅशनल रायफल असोसिएशन' जगाला ठाऊक आहे. तिचा जन्म मात्र एका शाळामास्तरी तक्रारीतून झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैनिकांना नेम धरता येत नाही, हे पाहून दोन माजी अधिकारी अस्वस्थ झाले. विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट ही त्यांची नावे. त्यांनी १८७१ साली न्यूयॉर्क राज्यात ही संस्था काढली, ती नेमबाजी शिकवण्यासाठी. पुढे कित्येक दशके हेच तिचे मुख्य काम होते. १९४९ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की, नव्या तरुण शिकाऱ्याने आधी सुरक्षिततेचे शिक्षण घ्यावे, मगच त्याला शिकारीचा परवाना मिळावा. अशी सक्ती करणारे ते पहिले राज्य, आणि तो अभ्यासक्रम बसवण्यात या संस्थेचा मोठा वाटा होता. हळूहळू इतर राज्यांनी हाच मार्ग धरला. १९७० साली मध्यवर्ती कायद्यात दुरुस्ती होऊन बंदुकांवरील कराचा पैसा या वर्गांसाठी वापरण्याची सोय झाली.

या वर्गांत काय शिकवतात? बंदूक भरलेलीच आहे असे समजून हाताळा. नळीचे तोंड माणसाकडे करू नका. चापावर बोट आधीपासून ठेवू नका. झुडूप हलले म्हणून गोळी झाडू नका. काय हलले ते पाहा, आणि त्याच्या मागे काय आहे तेही पाहा. कुंपण ओलांडताना बंदूक आधी रिकामी करा. सगळे साधे नियम, परंतु हे न पाळल्यामुळेच शिकारीत माणसे मरत होती. सोबत्याला हरीण समजून मारणे हा तेथे नित्याचा प्रकार होता. न्यूयॉर्कच्या सरकारी नोंदी पाहिल्या, तर १९६० च्या दशकाच्या तुलनेत शिकारीतील अपघातांचे दरलाखी प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घसरले आहे. भडक नारिंगी जाकिटांचाही त्यात वाटा आहे. तो कोणी नाकारू नये. तरीही जो मनुष्य म्हणेल की या वर्गांनी काहीच साधले नाही, त्याच्याशी मी सहमत होणार नाही. गेली पन्नास-साठ वर्षे हजारो स्वयंसेवक, बहुतेक बिनपगारी, शनिवार-रविवारी पोरांना हे शिकवत आले. त्यांनी प्राण वाचवले आहेत.

येथपर्यंत सर्व ठीक. आता हिशेबाची वही उघडू.

२०२१ साली अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मेली. हा त्या देशाच्या सरकारी मृत्युनोंदींतील आकडा आहे. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या. २०,९५८ खून. पोलिसांच्या गोळीने ५३७. कारण ठरवता आले नाही अशा ४५८. आणि अपघात? ५४९.

हा शेवटचा आकडा नीट ऐका. अठ्ठेचाळीस हजारांत साडेपाचशे, म्हणजे शेकडा एकाहून जेमतेम अधिक. १९३० च्या सुमारास त्या देशात बंदुकीच्या अपघातांनी वर्षाला तीन हजारांच्या आसपास माणसे मरत, आणि तेव्हा लोकसंख्या आजच्या निम्म्याहूनही कमी होती. तेव्हापासून अपघात खाली आले आहेत. शिक्षणाने ज्या रोगावर औषध दिले, तो रोग बऱ्याच अंशी आटोक्यात आहे. परंतु माणसे मरताहेत ती दुसऱ्याच रोगांनी. आत्महत्या करणाऱ्याच्या हातून बंदूक चुकून सुटत नाही. खून करणाऱ्याला नळीचे तोंड कोणाकडे करायचे हे पक्के ठाऊक असते. मग सुरक्षिततेच्या वर्गाचा त्यांच्यावर परिणाम व्हावा तरी कसा?

मृत्यूंचा असा खातेवार हिशेब न मांडता 'शिक्षण सक्तीचे करा' असे म्हणणारे दोन्ही बाजूंना आहेत. निर्बंध नकोत म्हणणारा म्हणतो, शिक्षण द्या, म्हणजे निर्बंधांची गरज नाही. निर्बंध हवेत म्हणणारा म्हणतो, निदान शिक्षण तरी द्या. दोघांनाही ते सोयीचे पडते, कारण शिक्षणाला जाहीर विरोध कोण करणार?

येथे मला थोडे विषयांतर करू द्या. ते मूळ विषयाकडेच परत येणार आहे.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड नावाचे शहर आहे. विमा कंपन्यांचे शहर म्हणून ते प्रसिद्ध. त्यांतल्या ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत हाइनरिख नावाचे एक अधिकारी होते. त्यांनी कारखान्यांतील ७५,००० अपघातांची कागदपत्रे चाळली आणि १९३१ साली ग्रंथ लिहिला. निष्कर्ष असा की, शंभरांतील ८८ अपघात कामगाराच्या चुकीच्या वागण्याने होतात, १० सदोष यंत्रामुळे वा जागेमुळे, आणि २ टाळता न येणारे. हा ८८ चा आकडा जगभर फिरला. आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या तोंडून मी तो अनेकदा ऐकला आहे, हाइनरिखचे नाव त्यांना ठाऊक नसतानाही. पण ती ७५,००० कागदपत्रे भरली कोणी होती? विम्याचे दावे आणि कारखान्यांचे स्वतःचे अहवाल. म्हणजे अपघात कसा झाला हे लिहिणारा मुकादम वा मालक, आणि ज्याचे बोट गेले तो इस्पितळात. असे कागद मोजून दुसरे काय निघणार?

पॉवर प्रेसवर काम केलेले श्रोते येथे असतील. वरून पंच येतो, खाली डाय असते, मध्ये पत्रा आणि पत्र्याबरोबर कामगाराची बोटे. पायाने पॅडल दाबले की पंच खाली. दिवसाला हजारो वेळा हेच. एका कारखान्यात, नाव घेत नाही, एका वर्षात तिघांची बोटे गेली. व्यवस्थापनाने सुरक्षा सप्ताह साजरा केला. फलक लागले, शपथ झाली, प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर सह्या झाल्या. त्या तिघांपैकी दोघांच्या सह्या आदल्या वर्षीच्या पटावरही होत्या. आमची मागणी एकच होती: पॅडल काढा आणि दोन बटणे बसवा, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस चालूच होऊ नये अशी. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे बोट डायखाली जाणार कसे? उत्पादन घटेल म्हणून दीड वर्ष नकार मिळाला. बटणे बसल्यावर मात्र त्या प्रेसवर कोणाला सावध राहण्याचा उपदेश करण्याची वेळ आली नाही. थकलेला मनुष्यही तेथे सुरक्षित होता, नवखाही, आणि रात्रपाळीत पेंगणाराही.

यंत्राला जाळी असते तशी बंदुकीला असू शकते काय? असू शकते, आणि ती जुनी आहे. स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८८७ साली एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याच्या दस्त्याच्या मागील बाजूस एक पट्टी होती. मुठीने ती घट्ट दाबल्याशिवाय चाप ओढला जात नसे. लहान मुलाची मूठ तेवढी मोठी नसते, तेवढा जोरही नसतो. हे रिव्हॉल्व्हर १९४० पर्यंत बनत होते. म्हणजे पोराच्या हातून गोळी सुटू नये, ही युक्ती सव्वाशे वर्षांपूर्वीच सापडली होती. परंतु प्रत्येक बंदुकीला अशी सोय असावी, अशी सक्ती झाली नाही. १९७२ साली अमेरिकेने ग्राहकांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी कायदा केला आणि त्यासाठी एक आयोग नेमला. पाव भाजण्याचे यंत्र, पोरांची खेळणी, शिडी यांत दोष निघाला तर माल परत घ्यायला लावण्याचा अधिकार त्या आयोगाला आहे. बंदुका आणि काडतुसे तेवढी त्याच्या कक्षेबाहेर ठेवली. खेळण्यातल्या बंदुकीला नियम आहे; खऱ्या बंदुकीला त्या आयोगाचा नियम नाही. जेथे यंत्राला हात लावायचा नसतो, तेथे माणसाला शिकवण्याचा उत्साह फार वाढतो, हे आम्ही पाहिलेलेच आहे.

लहान मुलांच्या बाबतीत शिक्षणाचे काय होते, याचा एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोन-दोन, तीन-तीनच्या गटाने एका खोलीत ठेवले. खोलीतल्या खणांत खरे पिस्तूल होते, अर्थात रिकामे आणि निकामी केलेले. आरशाच्या काचेआडून डॉक्टर पाहत होते. २९ गटांपैकी २१ गटांना ते सापडले. १६ गटांनी ते हाताळले. १० गटांत कोणीतरी चाप ओढला. ज्यांनी ते हाताळले वा चाप ओढला, त्यांतल्या शेकडा ९० हून अधिक मुलांना बंदुकीच्या धोक्याबद्दल आधी काही ना काही शिकवलेले होते. आईबापांनो, यात मुलांचा दोष शोधू नका. दहा वर्षांच्या पोराला पिस्तूल सापडले तर तो ते उचलणारच.

मुलांचे सोडा. १९९५ साली डेव्हिड हेमेनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील ८०० बंदूकधारकांची दूरध्वनीवरून पाहणी केली. पाचांपैकी एकाच्या घरी बंदूक भरलेली आणि कुलूप नसलेली होती. आश्चर्य हे की, ज्यांनी शिक्षण घेतले होते त्यांच्या घरी हे प्रमाण अधिक निघाले. शिक्षणाने निष्काळजीपणा येतो असा याचा अर्थ मी करणार नाही. ज्याला घरात चोराची भीती वाटते, तोच वर्गाला जातो आणि तोच बंदूक उशाशी भरून ठेवतो, असेही असेल. परंतु शिकलेला मनुष्य बंदूक कुलपात ठेवतोच, हा समज तेवढा या पाहणीपुढे टिकत नाही. याउलट, बंदूक पोराच्या हाती लागेल अशी ठेवली तर घरमालकावर खटला, असा कायदा फ्लोरिडा राज्याने १९८९ साली प्रथम केला, आणि मागून अनेक राज्यांनी. अमेरिकेतील 'रँड' या संशोधन संस्थेने बंदूकविषयक सर्व कायद्यांवरील अभ्यासांची छाननी केली आहे. त्यांत मुलांपासून बंदूक दूर ठेवण्याच्या या कायद्यांच्या बाजूने चांगला पुरावा निघाला. शिक्षणाच्या सक्तीबद्दल मात्र छाननी करणारांनी एवढेच लिहिले की, पुराव्यावरून निर्णय देता येत नाही.

आता आत्महत्या. मृत्यूंचा मोठा वाटा हा, आणि वादात सर्वांत कमी बोलले जाते ते याबद्दल.

बंदुकीचे उत्तम शिक्षण मिळालेले नागरिक कोठे पाहायचे, तर स्वित्झर्लंडमध्ये. तेथे पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आणि शिपाई आपली रायफल घरी ठेवतो. अमेरिकेतले बंदूकप्रेमी हे उदाहरण फार आवडीने देतात. पाहा, घरोघरी रायफल, तरी खून किती थोडे! खरे आहे. परंतु त्याच रायफलीने होणाऱ्या आत्महत्यांचा उल्लेख ते करीत नाहीत. २००३-०४ मध्ये स्विस सरकारने लष्कराचा आकार जवळजवळ निम्मा केला आणि सेवेतून सुटण्याचे वय ४३ वरून ३३ वर आणले. लाखो पुरुष सेवेतून मोकळे झाले आणि पुष्कळांच्या घरातून रायफल गेली. त्यांचे शिक्षण काही त्यांच्या डोक्यातून काढून घेतले नव्हते. बदलले ते एवढेच की रायफल घरात उरली नाही. तज्ज्ञांनी पुढील वर्षांचे आकडे तपासले, तेव्हा १८ ते ४३ वयाच्या पुरुषांत बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या घटल्या होत्या. घटलेल्यांपैकी दुसऱ्या मार्गाने झालेल्या शेकडा २२ होत्या, बाकीचे जगले. त्याच वयाच्या स्त्रियांत आणि त्याहून मोठ्या पुरुषांत अशी घट दिसली नाही. लष्करी बंदुका घरी न ठेवता शस्त्रागारात ठेवाव्यात, असा प्रस्ताव २०११ च्या फेब्रुवारीत स्विस मतदारांपुढे आला आणि शेकडा ५६ मतांनी फेटाळला गेला. परंपरा सोडणे कोणत्याही देशाला कठीण जाते. घरी ठेवायची सीलबंद काडतुसे मात्र २००७ च्या निर्णयानुसार परत घेतली गेली.

इस्रायलचे उदाहरण अधिकच बोलके आहे. तेथील तरुण शिपाई सुटीच्या दिवशी रायफल घरी नेत असत. २००६ साली सैन्याने हुकूम काढला की सुटीला जाताना शस्त्र तळावर ठेवून जावे. त्यानंतर शिपायांतील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि घट झाली ती आठवड्याच्या सुटीत. कामाच्या दिवसांत फारसा फरक पडला नाही. शिपाई तेच, शिक्षण तेच, दुःखेही तीच असतील. दोन दिवस बंदूक हाताशी नव्हती.

'ज्याला मरायचे तो मरतोच' असे आपण सहज म्हणतो. श्रीलंकेने १९९५ पासून अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी आणली, तेव्हा तेथील आत्महत्यांचे प्रमाण पुढील वीस वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांनी या आकड्याकडे जरा थांबून पाहावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हाही प्रथम काय ऐकू आले? त्यांनी मुखपट्टी बांधली नव्हती, हातमोजे घातले नव्हते, त्यांना प्रशिक्षण नव्हते. तेच ते.

उरले खून. आणि येथे आपल्याला पुन्हा कनेक्टिकटला जावे लागते.

या राज्याचा बंदुकांशी संबंध जुना आहे. सॅम्युअल कोल्टचा रिव्हॉल्व्हरचा कारखाना हार्टफर्डमध्येच, विमा कंपन्यांच्या शेजारी. माझ्यासारख्याला आणखी एका कारणाने तो ठाऊक आहे. १९८६ च्या जानेवारीत तेथील कामगारांनी संप पुकारला, तो चार वर्षांहून अधिक चालला, आणि अखेर १९९० साली कंपनी विकली गेली तेव्हा नव्या मालकीत कामगारांनाही हिस्सा मिळाला. असो. अशा बंदूक घडवणाऱ्या राज्याने १ ऑक्टोबर १९९५ पासून एक कायदा अमलात आणला. पिस्तूल विकत घ्यायचे तर आधी परवानापत्र हवे. त्यासाठी वय २१ पूर्ण पाहिजे. पूर्वी १८ चालत असे. पोलिसांकडे स्वतः जाऊन अर्ज करायचा, पूर्वगुन्ह्यांची तपासणी व्हायची, आणि किमान आठ तासांचे मान्यताप्राप्त शिक्षण घ्यायचे. दुकानातून घ्या नाहीतर शेजाऱ्याकडून, परवानापत्राशिवाय व्यवहार नाही.

डॅनियल वेब्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली हिशेब मांडला. हा कायदा नसता तर किती खून झाले असते, याचा अंदाज इतर राज्यांच्या आकड्यांवरून बांधला आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहिला. पहिल्या दहा वर्षांत बंदुकीने होणारे खून अंदाजे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे निघाले. पुढे अधिक वर्षे धरून पुन्हा हिशेब केला तेव्हा घट २८ टक्क्यांच्या आसपास आली. कोणती वर्षे धरावी, कोणत्या राज्यांशी तुलना करावी, यावर आकडा हलतो, म्हणून टीकाकारांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. परंतु शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी हा अभ्यास झेंड्यासारखा मिरवला: बघा, आठ तासांच्या वर्गाने काय साधले!

आता मिसुरी राज्य पाहा. तेथे १९२१ पासून असाच परवान्याचा कायदा होता. पिस्तूल घेण्यापूर्वी शेरीफच्या कचेरीत जाऊन परवाना काढावा लागे. त्यात शिक्षणाची अट नव्हती. वर्ग नाही, परीक्षा नाही. २८ ऑगस्ट २००७ रोजी तो कायदा रद्द झाला. पुढील काही वर्षांत बंदुकीचे खून सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे त्याच संशोधकांनी दाखवले. शिवाय पोलिसांनी गुन्ह्यांत पकडलेल्या बंदुकांपैकी त्याच राज्यात मुळात विकल्या गेलेल्या बंदुकांचा वाटा २००६ साली ५६ टक्के होता, तो २०१२ साली ७२ टक्के झाला. म्हणजे पूर्वी गुंडाला शेजारच्या राज्यातून माल आणावा लागे, तो आता गावातच मिळू लागला. दुसऱ्याच्या नावावर विकत घेऊन पुढे सरकवणारा मनुष्य शेरीफच्या दारात जायला कचरत होता. ते दार गेले.

दोन्ही राज्ये शेजारी ठेवा. एका ठिकाणी शिक्षणासह परवाना आला आणि मृत्यू घटले. दुसऱ्या ठिकाणी शिक्षणाविना असलेला परवाना गेला आणि मृत्यू वाढले. दोन्हींत समान काय? पोलिसांसमोर चेहरा दाखवणे, तपासणी, थांबणे, आणि नकार मिळण्याची शक्यता. आठ तासांच्या वर्गाला मी एवढेच श्रेय देईन की, रागाच्या भरात पिस्तूल घ्यायला निघालेला मनुष्य आठ तास बाकावर बसला, तर त्याचा राग उतरण्यास वेळ मिळतो. तेथे फळ्यावर काय लिहिले होते, याला फारसे महत्त्व नाही. १९९६ साली पोर्ट आर्थरला ३५ माणसे मारली गेल्यावर ऑस्ट्रेलियाने केलेल्या करारातही शिक्षणाची अट होती. पण तिच्याबरोबर सबळ कारण दाखवण्याची अट, २८ दिवसांची मुदत, प्रत्येक बंदुकीची नोंद, आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका सरकारने पैसे देऊन परत घेणे, हे सारे होते. तेथील घटीतून शिक्षणाचा वाटा वेगळा काढणे म्हणजे भाजीतून मीठ वेगळे काढण्यासारखे आहे.

परंतु दार ठेवायचे म्हटले की दारावर कोण बसणार, हा प्रश्न येतो. आणि चळवळीतल्या माणसाला तो टाळता येत नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९१९ सालापासून असाच शेरीफचा परवाना होता. वर्णद्वेषाच्या त्या काळात शेरीफ काळ्या माणसाला परवाना नाकारी आणि गोऱ्याला देई. २०२३ च्या मार्चमध्ये तेथील विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून तो कायदा रद्द केला, तेव्हा रद्द करणाऱ्यांनी हाच इतिहास पुढे केला. हेतू काय होता तो असो. इतिहास खोटा नव्हता. आपल्याकडे लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली, हत्यारांचा कायदा आला. परवाना नेटिवाने काढायचा, युरोपियनाला सूट. त्या कायद्याविषयी आपल्या आजोबा-पणजोबांचा राग बंदुकीच्या हौसेपोटी नव्हता, त्या सुटीमुळे होता. म्हणून परवान्याच्या बाजूने बोलताना मी एवढे जोडतो की, नकाराचे कारण लेखी मिळाले पाहिजे आणि त्यावर दाद मागता आली पाहिजे. आमच्या बडतर्फीच्या पत्रांसाठी आम्ही हेच मागत आलो.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. कारणे लेखी देण्याची आणि अपिलाची तरतूद त्यात आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी त्यात शिक्षणाची भर घातली. परवाना मागणाऱ्याने शस्त्र सुरक्षितपणे हाताळणे, बाळगणे, नेणे-आणणे आणि साठवणे यांचा अभ्यासक्रम पुरा करावा, अशी त्यात अट आहे. ती राहू द्यावी. मात्र आपल्या देशात बंदुकीने होणारे बहुतेक खून बिनपरवाना हत्यारांनी होतात, हे गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगत आहेत. ते देशी कट्टे ज्या भट्ट्यांत घडतात, तेथे ना अर्ज जातो ना अभ्यासक्रम. कट्टा घडवणारा बहुधा आमच्याच कुळीचा असतो: हाताला काम नसलेला लोहार, कारखाना बंद पडलेला फिटर, लेथवर बोट फिरवून धाग्याइतका फरक ओळखणारा कारागीर. कट्टा कसा वापरावा याचे शिक्षण कोणीच मागत नाही. तो घडवण्याचे मात्र गुरुशिष्य परंपरेने चालू असते, आणि पोलीस भट्टी मोडून जातात तेव्हा कारागीर मजुरीचा दर वाढवून दुसऱ्या गावी ऐरण मांडतो.